खालच्या दाताला ठिगळ, वरच्या सुळ्याला अस्तर

हिरडी उतरली म्हणून येणारे पेशंट बहुतेक वेळा चुकीच्या दाताकडे बोट दाखवतात. हसताना दिसतो, फोटोत लांब दिसतो, तो दात त्यांना सलत असतो. ज्याची हिरडी खरोखर हातची चाललेली असते तो खालच्या ओठामागे लपलेला असतो. लातूरला माझ्या दवाखान्यात आलेलं हे प्रकरण त्याच ओढाताणीचं आहे. एकाच तोंडातले दोन दात, दोन्हींची हिरडी ४ मि.मी. उतरलेली, आणि तरी दोन्हींची शस्त्रक्रिया वेगळी, तिचा हेतू वेगळा, निकालही वेगळा. पेशंटच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तक्रार सुळ्याची

बाई ३६ वर्षांच्या, औसा तालुक्यातल्या. घरची कोरडवाहू शेती, सोयाबीन आणि तूर. त्या स्वतः शिवणकाम करतात. लगनसराईत ब्लाउजांचा ढीग पडलेला असतो. गळ्यात तुळशीची माळ. आल्या त्या दिवाळी उलटल्यावर, सोयाबीनचे पैसे हातात पडल्यावर. दाढ ठणकायला लागली तर माणूस रात्री बारा वाजताही दार वाजवतो, पण बाकी दातांची सगळी कामं आमच्याकडे सोयाबीन विकल्यावरच निघतात.

"गार पाणी पिलं की ह्या सुळ्यातून कळ निघून डोस्क्यात जायली. अन् दात लांब दिसायलाय, हसायची लाज वाटायली," हे त्यांचं म्हणणं. डाव्या वरच्या सुळ्याच्या मानेशी खाच पडली होती. ती याआधी दोनदा सिमेंटनं भरून झाली होती आणि दोन्ही वेळा भरलेलं निघून आलं होतं. त्याचं मला नवल वाटलं नाही. दाताच्या मुळावर सिमेंट मुकुटावरच्यासारखं घट्ट धरत नाही, चावताना मानेपाशी ताण येतो, हिरडीच्या कडेला ओल असते. आणि भरलेलं टिकलं असतं तरी दात लांबच दिसला असता. हिरडी नाही म्हणून पडलेली जागा सिमेंटनं भरली की कळ थांबते, हिरडी परत येत नाही.

हिरडी उतरते म्हणजे नेमकं काय, ते एकदा स्पष्ट करतो. दाताचा मुकुट इनॅमलनं झाकलेला असतो आणि मूळ हिरडीखाली, हाडात असतं. दोन्ही जिथे भेटतात त्या रेषेवर हिरडीची कड बसलेली असायला हवी. कड तिथून खाली सरकली (वरच्या दातांना वर सरकली) की मूळ उघडं पडतं. मुळाला इनॅमल नसतं. खालच्या डेंटिनमध्ये, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थरात, अतिसूक्ष्म नळ्या असतात आणि गार पाणी लागलं की त्यांतला द्रव हलतो. कळ येते ती त्यानं.

मोजायला मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई असते. सुळ्यावर मूळ ४ मि.मी. उघडं होतं. पण उरलेली हिरडी जाड, गुलाबी, २ मि.मी. रुंद, आणि दोन दातांमधल्या हिरडीचे उंचवटे दोन्ही बाजूंना शाबूत. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात मोलाचा. मूळ किती झाकता येईल हे उघड्या मुळाच्या लांबीवर फारसं ठरत नाही, शेजारच्या फटींतलं हाड आणि हिरडी किती उरली आहे त्यावर ठरतं. मिलर यांनी १९८५ साली केलेलं वर्गीकरण याच पायावर उभं होतं, आणि २०११ साली कैरो आणि सहकाऱ्यांनी ते सोपं करून तीनच गट ठेवले. पहिल्या गटात फटीतला आधार शाबूत, म्हणजे पूर्ण झाकण्याची आशा. दुसऱ्यात तो थोडा गेलेला, पण दर्शनी बाजूपेक्षा जास्त नाही, म्हणजे काही भाग झाकेल. तिसऱ्यात फटीतला आधार दर्शनी बाजूपेक्षाही जास्त गेलेला. तिथे मूळ झाकण्याचं आश्वासन देऊच नये. सुळा पहिल्या गटातला होता. उजव्या वरच्या पहिल्या दाढेचंही मूळ दिसत होतं, पण ती तिसऱ्या गटात होती. तिला कळ मारणारी पेस्ट दिली आणि तो विषय तिथेच संपवला.

मग खालचा ओठ ओढून पाहिला. समोरच्या दोन मधल्या दातांपैकी डाव्याचं मूळ ४ मि.मी. उघडं, आतल्या बाजूला किटणाचा पट्टा, आणि हिरडीची जी कड उरली होती ती खरी हिरडी नव्हतीच. हिरडी घट्ट असते, हाडाला चिकटलेली, बोटानं दाबली तरी हलत नाही. इथे कडेपर्यंत ओठाच्या आतली मऊ, लाल, सैल त्वचा आली होती आणि ओठाचा मधला दोर (ओठाला आतून हिरडीशी जोडणारी घडी) थेट तिच्यात शिरला होता. शेजारच्या उजव्या दाताची हिरडी १ मि.मी. उतरली होती.

बाईंच्या हातात आरसा दिला आणि त्यांचा ओठ चिमटीत धरून हळूच पुढे ओढला. कड दातापासून सुटली, क्षणभर पांढरीफटक पडली. ओठ सोडल्यावर परत लाल झाली. दुसऱ्यांदा त्यांनी स्वतः ओढून पाहिलं.

"म्हणजे मी बोलले तरी हे वढतंय?"

"बोललात, हसलात, घास घेतलात, तरी ओढतंय."

एक्स-रेमध्ये त्या दाताच्या दोन्ही बाजूंचं हाड थोडं खाली गेलेलं दिसत होतं. म्हणजे दुसरा गट. तिथे ब्रश लागला की दुखायचं, म्हणून त्या तिथे ब्रश नेतच नव्हत्या. त्यामुळे किटण साचायचं, किटणामुळे सूज, सुजेमुळे हिरडी आणखी खाली.

मिश्री

कारण विचारावं लागलं नाही. दातांच्या मानेशी काळी रेघ आणि उजव्या हाताच्या तर्जनीचं पेर काळपट. धाकट्या मुलाच्या बाळंतपणानंतर सासूबाईंनी मिश्री लावली होती, तेव्हापासून रोज चार-पाच वेळा. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची आणि बोटानं दातांवर घासायची. घरात मिश्री भाजली की शेजारच्या तीन घरांना कळतं. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते, आणि त्यातला फार मोठा वाटा बिनधुराच्या तंबाखूचा होता. बायका 'तंबाखू खाता का' या प्रश्नाला नाही म्हणतात आणि त्यांच्या परीनं खरंच बोलत असतात. त्यांना 'मिश्री लावता का' असंच विचारावं लागतं.

मिश्रीनं दोन्हीकडून नुकसान होतं. खरखरीत पूड बोटानं आडवी रगडली जाते, आणि उजव्या हातानं घासणाऱ्याचा जोर बहुधा डाव्या सुळ्यावर पडतो, कारण दातांच्या कमानीत सुळा आधीच पुढे आलेला असतो आणि त्याच्यावरचं हाड पातळ असतं. दुसरं म्हणजे निकोटिन. त्यानं बारीक रक्तवाहिन्या आकसतात. कलम लावायचं म्हणजे टाळूवरून कापलेला, रक्तपुरवठा तुटलेला तुकडा दुसरीकडे नेऊन जगवायचा, आणि त्याला जगवणाऱ्या रक्तवाहिन्याच आपण आकसवायच्या, हे जमत नाही. म्हणून मिश्री सुटेपर्यंत मी सुरी हातात घेत नाही. यात मी कुणाची भीड धरत नाही, पुढाऱ्याच्या घरचा पेशंट असला तरी.

बाईंची मिश्री मात्र सुटेना. पहिल्या महिन्यात दातांची साफसफाई झाली, मऊ ब्रश आणि हिरडीकडून दाताकडे फिरवत नेण्याची पद्धत शिकवून झाली, पण पुढच्या भेटीला काळी रेघ परत हजर. बाईंनी लपवलं नाही. "ती लावल्याबिगर पोट साफ होत नाही हो," त्या म्हणाल्या. हे मी कैक बायकांकडून ऐकलं आहे आणि ते बहाणा म्हणून उडवून लावण्यासारखं नाही. निकोटिननं आतड्याची हालचाल वाढते आणि शरीराला त्याची सवय लागते. रात्री इसबगोल, दिवसभर पाणी, सकाळी उठल्यावर कोमट पाणी, असं आधी पोटाचं लावून दिलं. मिश्रीच्या तलफेला तोंडात बडीशेप. सासूबाईंना एका भेटीला बोलावून घेतलं. त्यांना सोडा म्हणालो नाही, या वयात त्या ऐकणार नव्हत्या. एवढंच म्हणालो, "मावशी, भाजायची तर परसात भाजा, अन् डबी सुनेच्या हाताला लागंल अशी ठेवू नका." पौष उजाडेस्तोवर रेघ गेली आणि गेलेलीच राहिली.

दरम्यान रक्त तपासलं. साखर ठीक, हिमोग्लोबिन ९.१. आमच्याकडे हा आकडा पाहून कुणी दचकत नाही, पण ठरवून करायच्या शस्त्रक्रियेला घाई कशाला? लोहाच्या गोळ्या चालू केल्या, पुढच्या तपासणीत १०.८ आलं.

आधी कुठला?

पैसे एका वेळी एकाच शस्त्रक्रियेपुरते होते. छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी दंत महाविद्यालयात हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे खर्च फार कमी, हे मी सांगितलं. पण औशाहून संभाजीनगरला टाके दाखवायला परत परत जाणं म्हणजे प्रत्येक वेळी अख्खा दिवस आणि बरोबर एक माणूस. बाईंनी इथेच करायचं ठरवलं, आणि करायचा तर सुळा.

मी खालच्या दातावर अडून बसलो. सुळ्याला कळ होती, पण धोका नव्हता. त्याची हिरडी जाड, मिश्री थांबल्यावर तो आहे तिथेच वर्षभर थांबला असता, आणि कळेला पेस्ट होती. खालच्या दाताला थांबायला वेळ नव्हता.

इथे आमच्या शास्त्रातच मतभेद आहे, तो सांगायला हवा. लँग आणि लो यांनी १९७२ साली मांडलं की घट्ट हिरडीची पट्टी २ मि.मी. तरी असावी, नाहीतर सूज हटत नाही. पुढच्या अभ्यासांत दिसलं की स्वच्छता चोख असेल तर त्याहून अरुंद पट्टीही वर्षानुवर्षं निरोगी राहते. म्हणजे पट्टी अरुंद दिसली की कलम लावा, असं नाही. पण या बाईंच्या खालच्या दातापाशी स्वच्छता चोख होणंच शक्य नव्हतं. ब्रश लागला की दुखत होतं आणि दोर कड ओढत होता. कलम लावायचं ते ब्रशला जागा करून देण्यासाठी.

दोन दातांना दोन वेगळी कलमं का, हे समजावताना मी नेहमी अडखळतो. या वेळी बाईंनीच वाट काढून दिली. खालच्या दाताला टाळूवरून वरच्या पापुद्र्यासकट तुकडा काढून उघडाच शिवायचा. सुळ्याला टाळूच्या आतला फक्त जोडऊतींचा थर काढून तिथल्याच हिरडीच्या खाली सरकवायचा, असं मी कागदावर काढून दाखवत होतो.

"म्हणजे खाली ठिगळ अन् वर अस्तर."

हेच. ठिगळ दिसतं, त्याचा रंग जुळत नाही, पण जिथे कापडच उरलं नाही तिथे तेच चालतं. अस्तर आत राहतं, वरचं कापड मूळचंच दिसतं, पण त्यासाठी वरचं कापड धड असावं लागतं आणि ओढून पुरायला हवं. खालच्या दातापाशी ओढून घ्यायला हिरडीच नव्हती, ओठ आणि हिरडीमधली खाच उथळ होती. तिथे अस्तर घालून सैल त्वचा वर ओढली असती तर ओठानं ती परत खाली खेचली असती.

ठिगळ आधी, अस्तर आषाढीनंतर, असं ठरलं. मधले महिने लगनसराईचे. तेव्हा बाईंना मान वर करायला सवड नसते.

टाळूची जखम नको तर बाजारात तयार कोलॅजनचे तुकडेही मिळतात. त्यांतले बरेच डुकराच्या ऊतींपासून बनवलेले असतात. गळ्यात माळ असलेल्या बाईंना हे न सांगता वापरणं मला पटलं नसतं, आणि सांगितल्यावर त्यांनी तो विषय एका शब्दात संपवला. खरं तर हा प्रश्न माळकऱ्यांपुरता नाही. मुसलमान पेशंटलाही, जैन पेशंटलाही हे विचारायला हवं, आणि केवळ कलमाबद्दल नाही. रक्त थांबवायचा कोलॅजन स्पंज प्राण्यापासून, कॅटगटचा टाका प्राण्याच्या आतड्यापासून, रेशमी टाका किड्यापासून. आपण ट्रेमध्ये मांडताना याचा विचार करत नाही. या वेळी टाळूचं रक्त थांबवायला ऑक्सिडाइज्ड सेल्युलोज घेतलं, ते वनस्पतीच्या तंतूंपासून बनतं, आणि टाके कृत्रिम धाग्याचे.

ठिगळ

संक्रांत झाल्यावर पहिली शस्त्रक्रिया केली. टाळूचं माप आधीच घेऊन ॲक्रिलिकची पातळ पट्टी बनवून ठेवली होती. टाळूच्या जखमेवर झाकण म्हणून तिच्याइतकं उपयोगी काही नाही आणि खर्च किरकोळ.

लिग्नोकेन आणि ॲड्रिनलिनची भूल दिली. मग सैल त्वचा जिथून सुरू होते तिथे आडवा छेद घेऊन ती हाडावरून खाली सोडवत नेली, पण हाडावरचं पातळ आवरण तसंच राहू दिलं. कामाचा गाभा इथे आहे. त्या आवरणात रक्तवाहिन्या असतात, कलम त्यांच्यावर जगतं. दोराचे आणि स्नायूंचे धागे एकेक करून कापले. ओठ ओढून पाहिला: तळ हलत नाही. हलला असता तर पुढचं सगळं वाया.

टाक्याच्या पाकिटाचा चंदेरी कागद कापून जागेचं माप घेतलं, ते टाळूवर उजवीकडे, सुळ्याच्या मागून पहिल्या दाढेपर्यंतच्या पट्ट्यात ठेवलं आणि त्याच्या कडेनं तुकडा काढला. त्याहून मागे आणि आत गेलं की टाळूची मोठी रोहिणी असते, तिच्या वाटेला जायचं नाही. जाडी साधारण दीड मि.मी. त्याहून पातळ असलं तर फार आकसतं, त्याहून जाड असलं तर आतपर्यंत रस पोचायला वेळ लागतो आणि टाळूची जखमही खोल होते. असं उघडं कलम भरताना पाव ते एक तृतीयांश आकसतं, म्हणून उंची ७ मि.मी. घेतली आणि रुंदी दोन्ही मधल्या दातांच्या बाजूंना पुरून उरेल अशी. मुळाच्या पृष्ठभागाला रक्तपुरवठा नसतो. मुळावर टेकलेला कलमाचा भाग जगतो तो आजूबाजूच्या तळावरून येणाऱ्या रसावर, म्हणून कलम मुळापेक्षा बरंच रुंद हवं. खालच्या बाजूला चिकटलेली पिवळी चरबी कात्रीनं खरडून टाकली.

टाके घातल्यावर ओल्या गॉजनं पाच मिनिटं नुसतं दाबून धरलं. बघणाऱ्याला हा वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो. पण तळ आणि कलम यांच्यात रक्ताची गुठळी राहिली तर कलमाला रस मिळत नाही. पहिले दोन दिवस ते तळातून झिरपणाऱ्या द्रवावरच असतं. त्यानंतर बारीक केशवाहिन्या त्यात शिरतात, आणि आठवडा-दहा दिवसांत रक्ताभिसरण बसतं. या काळात ते एकदा जरी सरकलं तरी जोडलेलं तुटतं. वर गुलाबी पॅक, म्हणजे जखम झाकणारा लेप, लावला.

खाण्याचं सांगणं सोपं होतं: भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून, मुगाची खिचडी, गार ताक, आणि घास मागच्या दाढांवर. ओठ ओढून बघायचा नाही, कुणालाही दाखवायचा नाही. दोरा दातानं तोडायचा नाही. आणि हुरडा नाही. जानेवारीअखेर लातूर जिल्ह्यात हुरडा खाऊ नका म्हणणं हे जिवावर येतं, पण ज्वारीची कूस टाक्यात अडकली तर काढताना कलमासकट येते.

पाचव्या दिवशी संध्याकाळी फोन आला, बाईंच्या नवऱ्याचा. टाळूतून रक्त येतंय, थांबत नाही. घरी पाव्हणे आले म्हणून बाईंनी पट्टी काढून ठेवली होती, गरम चहा घेतला होता, रक्त दिसल्यावर दहा-बारा चुळा भरल्या होत्या आणि सासूबाईंनी वरून हळद दाबली होती. रक्त आलं की चुळा भरणं हे आपल्याकडे हात आपोआप करतात आणि नेमकं तेच नडतं. धरलेली गुठळी प्रत्येक चुळीबरोबर धुऊन जाते. सांगितलं: स्वच्छ ओलं फडकं घडी करून टाळूवर ठेवा, वरून पट्टी बसवा, अंगठ्यानं दाबा, घड्याळ लावून वीस मिनिटं, मध्ये काढून बघायचं नाही, थुंकायचं नाही, आणि तरी थांबलं नाही तर रात्री किती का वाजेनात, निघून या. पाऊण तासानं परत फोन आला, थांबलं. सकाळी पाहिलं तर टाळूवर गुठळी पक्की, कडेला हळदीचा पिवळा डाग.

दहाव्या दिवशी पॅक काढला तेव्हा बाईंचा चेहरा उतरला. कलमाचा वरचा पापुद्रा पांढरा पडून सुटत होता. "सडलं का हो?" सडलं नव्हतं. कलमाचा वरचा थर पहिल्या आठवड्यात झडतोच, खालून नवा येतो. कापसानं हलकं पुसल्यावर खाली लाल, ओलसर, जिवंत ऊती दिसल्या. या टप्प्याबद्दल पेशंटला आधी फोटो दाखवून ठेवणं बरं पडतं. बाईंना फोटो दाखवलेला होता. तरी स्वतःच्या तोंडात पाहताना धसका बसतोच. टाके काढले, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या चुळा चालू ठेवल्या, आणि त्यानं दातांवर तपकिरी डाग पडतात, ते मिश्रीचे नव्हेत, हे सासूबाईंसमोर मुद्दाम सांगितलं.

आषाढीपर्यंत कलम आकसून ५ मि.मी. उंचीवर स्थिर झालं. घट्ट, न हलणारी हिरडी. मूळ ४ ऐवजी ३ मि.मी. उघडं. आकड्यांत पाहिलं तर एवढ्या खटाटोपाचं फळ एक मिलिमीटर. पण ओठ ओढला तर कड जागची हलत नव्हती, ब्रश लागत होता, दुखत नव्हतं. त्या दातासाठी मागितलं होतं ते एवढंच.

अस्तर

वारीहून आल्यावर सुळा घेतला. दोनदा निघालेल्या सिमेंटनं एक अडचण करून ठेवली होती: मुकुट आणि मूळ जिथे भेटतात ती रेषाच खाचेत झिजून गेली होती. मग कड नेऊन बसवायची कुठे? शेजारच्या दातांवरून, हिरडीच्या उंचवट्यांवरून अंदाज बांधून ती रेषा ठरवली, आणि खाचेचा फक्त मुकुटाकडचा भाग काँपोझिटनं (दाताच्या रंगाच्या सिमेंटनं) भरला. मुळाकडचा भाग हिरडीसाठी मोकळा सोडला. हिरडीचा डॉक्टर आणि दात भरणारा डॉक्टर एकमेकांशी न बोलता काम करतात तेव्हा नेमकी ही रेषा चुकते. भरणारा पार खालपर्यंत भरून टाकतो आणि मग त्या गुळगुळीत सिमेंटवर हिरडी धरत नाही.

टाळूवरून आतला थर काढून हिरडीखाली सरकवण्याची पद्धत लँगर आणि लँगर यांनी १९८५ साली मांडली. आता टाळूवर एकच छेद घेऊन आतला थर काढता येतो आणि वरचं झाकण परत शिवून टाकता येतं. उघडी जखम राहत नाही. या वेळी डावीकडून घेतलं. भूल दिल्यावर सुईनं टाळूची जाडी मोजली होती, ३ मि.मी.ला थोडी जास्त, म्हणजे वर झाकण उरवून दीड मि.मी. थर काढायला पुरेशी.

सुळ्यावरची हिरडी सोडवली, आतून तिचा ताण मोकळा केला, आणि कुठलाही जोर न लावता ती ठरवलेल्या रेषेच्या पलीकडे १ मि.मी. येऊन पडते का ते पाहिलं. जोर लावून शिवलेली हिरडी आठवड्यात माघारी जाते. टाका कड धरतो, ताण धरत नाही. मूळ खरडून गुळगुळीत केलं, अस्तर रेषेवर बसवलं, वरून हिरडी ओढून दाताभोवती झोळीचा टाका घातला.

यात सांगण्यासारखी घटना एकही घडली नाही. टाळू दुखला नाही असं बाई म्हणाल्या, आणि मागच्या खेपेच्या मानानं ते खरंच असणार. दोन आठवड्यांनी टाके काढले.

वर्षानंतर

सुळ्याचं मूळ पूर्ण झाकलं आहे, हिरडी आधीपेक्षा जाड, रंग शेजारच्या दातांसारखाच. गार पाण्याची कळ नाही.

खालच्या दाताचं मूळ आता २ मि.मी. उघडं आहे. मधल्या काळात तिथे कुणी काही केलं नाही. उघड्या कलमानंतर काही पेशंटमध्ये हिरडीची कड महिन्यामहिन्यानं आपणहून वर सरकते, साधारण मिलिमीटरभर. आमच्या ग्रंथांत ही गोष्ट नोंदलेली आहे, पण कुणात होईल आणि कुणात नाही हे आधी सांगता येत नाही, म्हणून मी त्याचं आश्वासन दिलं नव्हतं. शेजारच्या उजव्या दाताची १ मि.मी. उतरलेली कडही वर आली.

ठिगळ मात्र ठिगळ दिसतं. टाळूचा फिका रंग, थोडा फुगवटा. ते घासून समतल करता येईल का, असं बाईंनी विचारलं. येतं, भुलीचं एक छोटं काम आहे. पण खालचा ओठ ते झाकतो आणि त्या जागी मला जाडी हवीच आहे, म्हणून नको म्हणालो. बाईंनी मान डोलावली खरी, पण पटलेलं दिसलं नाही. पुढच्या खेपेला परत विचारतील.

उजव्या सुळ्यावर २ मि.मी. मूळ उघडं आहे, पहिल्या भेटीपासून तेवढंच. आता बाईंना तेही झाकून हवं आहे. तिथे कळ नाही, हिरडी जाड आहे, वाढ नाही. फोटो काढून ठेवला, सहा महिन्यांनी मोजू, असं सांगितलं. अडीच झालं तर बोलू.